खवा शुद्ध कशावरून, आणि कुंद्याला चौथ्या दिवशी बुरशी का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय. घरी कुंदा (खवा-साखरेची बेळगावची मिठाई) करून विकतात, खवा भट्टीवाल्याकडून घेतात, जोडीला घरच्या म्हशीचं तूप आणि रानातला मध. गिऱ्हाईक विचारतं "शुद्ध कशावरून?", आणि पावसाळ्यात पुण्याला पाठवलेल्या कुंद्याला चौथ्या दिवशी बुरशी आली म्हणून फोन. तर घरी करता येतील अशा टेस्ट कुठल्या, लॅबमध्ये काय मागायचं, आणि कुंदा टिकावा म्हणून काही पावडर टाकावी काय, असं सगळं एकदम.

ताई, मी आधी डेअरीच्या लॅबमध्ये होतो, मग खाजगी फूड लॅबमध्ये, त्यामुळं "शुद्ध आहे असं लिहून द्या की" म्हणणारी माणसं रोजचीच. तसं लिहून देता येत नाही आणि कुणी देत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका. कारण शुद्ध आहे असं सांगणारी टेस्टच नसते. टेस्ट एवढंच सांगते की अमुक वस्तू यात सापडली किंवा नाही सापडली, किंवा अमुक आकडा नेहमीच्या हद्दीत आहे. जे शोधलंच नाही ते आहे का नाही, यावर ती गप्प. आणि भेसळ करणाऱ्याला आपली टेस्ट आपल्याइतकीच पाठ असते हे आधी डोक्यात ठेवा.

दुधाचंच बघा. लॅक्टोमीटर फक्त घनता मोजतो, गायीचं दूध साधारण १.०२८ ते १.०३०, म्हशीचं १.०३० ते १.०३२. पाणी घातलं की रीडिंग उतरतं, बरोबर, पण साय काढली की ते चढतं कारण फॅट हलकी असते. मग आधी साय काढायची आणि नंतर पाणी घालायचं, लॅक्टोमीटर जिथल्या तिथं उभा. वर एखादी मूठ साखर किंवा मीठ टाकलं की राहिलेलं पण झाकलं जातं. म्हणून मोठ्या डेअऱ्या क्रायोस्कोप वापरायला लागल्या, म्हणजे दूध कुठल्या तापमानाला गोठतं ते बघायचं. ते उणे ०.५२ ते उणे ०.५५ डिग्रीच्या आसपासच राहतं, जनावर काय खातंय याचा त्यावर फारसा फरक नाही, कारण कासेत दूध तयार होतं तेव्हा त्यात विरघळलेल्या साखर-क्षारांचा दाब (ऑस्मोटिक) रक्ताशी जुळलेला असतो. एक टक्का पाणी घातलं तरी साधारण ०.००५ डिग्रीचा फरक मशीन पकडतं. झालं, मग युरिया आला, त्यानं घनताही सावरते आणि गोठणबिंदूही. आता युरिया शोधायचा तर तोही दुधात मुळातच थोडा असतो, म्हणून कायद्यात हद्द आहे, १०० मिलीला ७० मिलिग्रॅम. किटमध्ये फिकट पिवळा रंग जवळपास सगळ्या दुधाला येतो, तो बघून "युरिया सापडला" म्हणून दूधवाल्याशी भांडण काढलेली माणसं मी बघितलीत. रंग गडद आहे का, हा प्रश्न असतो, आहे का नाही हा नसतो.

खव्याकडं येऊ. खव्यात मैदा, आरारूट, उकडलेला बटाटा नाहीतर रताळं घालून वजन वाढवतात, आपल्याकडं रताळ्याला तोटा नाही. हे घरी कळतं. हरभऱ्याएवढा खवा घ्या, दोन चमचे पाण्यात कालवून चांगलं उकळा, आणि मग पूर्ण गार होऊ द्या, इथंच सगळे घाई करतात. गरम असताना आयोडीन टाकलं तर स्टार्च असूनही निळा रंग धरत नाही, आणि माणूस खूश होऊन खवा घेऊन जातो. गार झाल्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब, ते नसलं तर जखमेला लावायचं बीटाडीनही चालतं. निळं-काळं झालं तर पीठ आहे. तांबूस-पिवळंच राहिलं तर पीठ नाही, बास, एवढंच. शेजारी एका वाटीत नुसत्या पाण्यात थेंब टाकून ठेवा आणि दुसरीत चिमूटभर मैदा उकळून गार करून त्यात थेंब टाका, म्हणजे "हो" कसं दिसतं आणि "नाही" कसं दिसतं दोन्ही डोळ्यासमोर राहतं. आम्ही लॅबमध्ये याशिवाय एकही टेस्ट करत नाही, घरी मात्र कुणी करत नाही.

पण आता पीठ घालणारा जुना झाला. नवीन खवा स्किम मिल्क पावडर आणि पाम तेल किंवा वनस्पती तूप (डालडा) यांचा बनतो, त्यात पिठाचा कण नसतो, आयोडीन टेस्ट शंभर टक्के पास. तळहातावर रगडून तूप सुटतं का बघा, वास घ्या, हे लोक सांगतात, अनुभवी हलवायाला त्यातून थोडं कळतंही, पण तेलही सुटतंच की. इथं घरची टेस्ट संपली, फॅट वेगळी काढून लॅबमध्येच बघावी लागते.

त्यापेक्षा एक गोष्ट सांगतो जी कुठल्याही केमिकलपेक्षा स्वस्त आहे, गणित करा. म्हशीचं चांगलं दूध आटवलं तर एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध लागतं, गायीचं थोडं जास्तच. तुमच्या गावात पाच लिटर दुधाचा जो भाव असेल त्यात सरपण आणि माणसाची मजुरी धरा. भट्टीवाला त्याच्या खालच्या भावात खवा देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये. सणाच्या आठवड्यात दुधाचा भाव चढलेला आणि खव्याचा भाव तोच, ही तर उघड खूण.

तुपाचं म्हणाल तर त्याची चौकशी फार जुनी आणि मजेदार आहे. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिक आणि कॅप्रॉइक अशी आखूड ॲसिडं असतात जी साध्या खाद्यतेलात नसतात. ती वाफेबरोबर उडवून मोजायची, तो आर.एम. व्हॅल्यू. दुसरा आकडा बी.आर., ४० डिग्रीला तूप प्रकाश किती वाकवतं ते, साधारण ४० ते ४३. तेल मिसळलं की आर.एम. उतरतो आणि बी.आर. बहुतेक वेळा चढतो. पण हे आकडे म्हशीच्या दावणीवर पण अवलंबून असतात ना, सरकी पेंड जास्त खाल्ली की तुपाचे आकडे असेच सरकतात, भेसळ नसताना. म्हणून जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांत कापसाच्या पट्ट्यातल्या तुपाला वेगळे आकडे होते, आणि कर्नाटकाच्या ओळीत बेळगाव जिल्हा बाकी राज्यापासून वेगळा काढून लिहिलेला होता. मला ते पहिल्यांदा वाचताना लई बरं वाटलं होतं, आपल्या म्हशींची नोंद दिल्लीत!

वनस्पती पकडायला सरकारनंच एक युक्ती केली होती, वनस्पती बनवणाऱ्यानं त्यात ५ टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे असा नियम. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फरफ्युरॉल लावलं की गुलाबी-लाल रंग येतो, त्यामुळं तुपात डालडा असला की रंग बोलतो. साखर आणि ॲसिड घेऊन घरी करायची टेस्ट सांगतात ती हीच. पण भेसळ करणाऱ्यानं वनस्पती न वापरता सरळ पाम तेल वापरलं तर त्यात तीळ कुठला, रंग येत नाही. मग लॅबवाले झाडांच्या कुठल्याही तेलात असणारं सायटोस्टेरॉल शोधतात, कारण तुपात कोलेस्टेरॉल असतं, झाडाचं स्टेरॉल तिथं असायचं काम नाही. तर तिकडून जनावराची चरबी आली, तिच्यातही कोलेस्टेरॉलच. आता गॅस क्रोमॅटोग्राफीवर (घटक वेगळे करून मोजणारं मशीन) ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे फॅटच्या रेणूंचा, सगळा नकाशा काढून बघतात, तिथं दोन्ही सापडायची शक्यता चांगली असते. फ्रीजमध्ये ठेवून थर वेगळे होतात का बघा वगैरे जे मोबाईलवर फिरतं त्यात काही दम नाही, चांगलं म्हशीचं तूपही रवा आणि पातळ भाग वेगळं होतं.

मधाची तर मला काळजीच वाटते, कारण घरच्या टेस्टनं सगळ्यात जास्त नुकसान खऱ्या मधाचं होतं. पाण्यात थेंब तळाला जातो, वात मधात बुडवून पेटते, कुत्रा खात नाही, ही सगळी बडबड. घट्ट साखरेचा पाकही तळाला जातो. उलट खानापूरच्या रानातला पावसाळ्याच्या तोंडावर काढलेला मध, सातेरीचा असो नाहीतर आग्या मोहोळाचा, पातळ असतो, त्यात पाणी जास्त असतं, तो थेंब पाण्यात पसरला की गिऱ्हाईक म्हणतं भेसळ. आणि हिवाळ्यात मध थिजला, दाणे धरले की "साखर घातली". अहो ते ग्लुकोज असतं, त्याचं ते कामच आहे.

लॅबमध्ये मध बघायची पद्धत कार्बनवर आहे. ऊस आणि मका हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात, त्यांना सी-४ म्हणतात, आणि बहुतेक फुलझाडं दुसऱ्या पद्धतीनं, सी-३. दोन्हींत कार्बन-१३ चं प्रमाण थोडं वेगळं पडतं. मधाची साखर आणि त्याच मधातलं प्रोटीन यांचा कार्बन शेजारी ठेवून बघतात, खऱ्या मधात दोन्ही जुळतात, उसाची साखर घातली की फाटतात. हे आलं तसं भेसळीत तांदळाचा सिरप आला, तांदूळ सी-३, टेस्ट पास. मग तांदळाचे मार्कर, म्हणजे खुणेचे पदार्थ, शोधायला लागले, मग एनएमआर आला, ज्यात एकच एक वस्तू न शोधता मधाचा सगळा ठसा घेऊन हजारो खऱ्या नमुन्यांशी जुळवतात. पण त्यात खानापूरच्या रानाचे नमुने किती आहेत यावर सगळं आलं. आणि आपल्या भागाची एक खास भानगड, हुक्केरी, चिक्कोडी, गोकाक बाजूला उसाचा पट्टा, सीझनमध्ये गुऱ्हाळं चालू असली की मधमाश्या काकवीवर आणि रसाच्या कायलीभोवती घोंगावतात. तो उसाचा गोडवा माश्यांनीच पोळ्यात नेला, तुम्ही एक चमचा साखर घातली नाही, तरी रिपोर्टमध्ये सी-४ दिसू शकतं. म्हणून मध कुठल्या रानातला, कुठल्या महिन्यातला हे बरणीवर लिहा. तुम्ही मधात एकच आकडा स्वतः सांभाळू शकता, पाण्याचा, २० टक्क्यांच्या खाली. छोटं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, त्याच्यावर एक थेंब लावून कळतं. वर गेला तर मध आंबणार, फेस येणार, झाकण उडणार.

आता कुंदा. हा तुमचा खरा प्रश्न, बाकीचं गिऱ्हाइकाचं समाधान.

गोकाकचा करदंट महिनोन्महिने टिकतो, धारवाडचा पेढा बऱ्यापैकी टिकतो, आणि बेळगावचा कुंदा चार दिवसांत मान टाकतो, का? तिन्हीत गोड भरपूर आहे. फरक मोकळ्या पाण्याचा आहे. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूंच्या हाताला लागेल असं किती, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याची १. खव्याची ०.९६ च्या आसपास, म्हणजे जंतूंना जेवणाचं ताटच. बहुतेक बॅक्टेरिया ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, पण स्टॅफ नावाचा, जो आपल्या नाकात आणि हाताच्या जखमेत असतो, तो ०.८६ पर्यंत तग धरतो. साध्या बुरशा ०.८० पर्यंत वाढतात. आणि साखर पाण्यात विरघळवून विरघळवून पार तृप्त पाक केला तरी तो ०.८५ च्या आसपासच थांबतो. म्हणजे कितीही साखर ओतली तरी नुसत्या साखरेनं बुरशी थांबणार नाही, हे लिहून ठेवा. करदंटात डिंक, सुकामेवा, गुळाचा कडक पाक, पाणीच उरत नाही. पेढा भाजून भाजून कोरडा केलेला. कुंदा मात्र ओलसर हवा, रवाळ, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतंय हा कुंदा नाही.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं बुरशी साखरेनं नाही, डब्यानं आली. कुंदा कोमट असताना डबा भरला, झाकण लावलं, आत वाफ झाकणाला लागली, गार झाली, थेंब होऊन कुंद्यावर पडले. आता कुंदा आतून ०.८८ असेल समजा, पण जिथं थेंब पडला तिथं वरचा पापुद्रा जवळपास पाणीच. बुरशी तिथंच धरते, ठिपक्याठिपक्यानं. तुमच्या गिऱ्हाइकानं फोटो पाठवला असेल तर बघा, वरच्या बाजूलाच असणार, डाव खुपसून आतला काढला तर आत काही नाही. (तरी तो खायचा नाही हां, वरचा काढून टाकला म्हणून.) तेव्हा एकतर परातीत पातळ पसरून, वर स्वच्छ पंचा टाकून, पूर्ण गार करून भरा, आणि ते गार करणं पंख्याखाली दोन तासांत उरकलं पाहिजे, रात्रभर ओट्यावर नाही. किंवा ८५ डिग्रीच्या वर असतानाच धुवून उकळून वाळवलेल्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण लावून बरणी उलटी करा, म्हणजे झाकणही त्याच उष्णतेनं धुतलं जातं. अधलंमधलं कोमट भरणं हेच घातक. थर्मामीटर घ्या, अंदाजपंचे नको.

पण बरणीबंद कुंदा टेबलावर महिनाभर ठेवायचा मोह होईल, तिथं थांबा. हवाबंद, आंबट नसलेल्या, ओलसर पदार्थात बोटुलिनम नावाच्या, जीवघेणं विष करणाऱ्या जंतूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि हवा नसली की त्यांना बरंच. कुंदा आंबट नाही. म्हणून हवाबंद करून बाहेर ठेवायचा असेल तर वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८५ किंवा खाली आहे असा लॅबचा आकडा हातात हवा, नसेल तर बरणी फ्रीजमध्येच, ५ डिग्रीच्या खाली. व्हॅक्यूम पॅकिंग मशीन घेणाऱ्यांनाही हेच सांगतो. व्हॅक्यूमनं बुरशी थांबते कारण तिला हवा लागते, स्टॅफला लागत नाही, आणि त्याचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. बुरशी निदान दिसते तरी. कारखान्यात पाकीट १२१ डिग्रीला दाबाखाली शिजवून वर्षभर टिकवतात, ती रिटॉर्टची पद्धत, पण त्यासाठी मशीन आणि प्रोसेस दोन्ही तपासून घ्यावी लागते, म्हैसूरची सीएफटीआरआय ही सरकारी अन्न-संशोधन संस्था असल्या कामात मदत करते. घरच्या कुकरमध्ये पाकिटं शिजवू नका.

पावडरचं विचारलंत, लोक पोटॅशियम सॉर्बेट सुचवतात. ते चालतं आंबट पदार्थात, लोणच्यात, सरबतात, कारण ॲसिडमध्येच त्याचा जंतूंवर काम करणारा भाग मोकळा राहतो. कुंद्याचा पीएच ६ च्या आसपास, तिथं त्यातला साधारण वीसावा भागच कामाचा उरतो. म्हणजे लेबलवर प्रिझर्वेटिव्ह म्हणून लिहायचं, "घरगुती" म्हणून मिरवायचं ते जातं, आणि फायदा थोडका. त्यापेक्षा साखरेतली थोडी काढून तेवढा ग्लुकोज सिरप घाला, त्यानं मोकळं पाणी जास्त बांधलं जातं आणि रवाही बरा राहतो, आणि शेवटी आटवताना पाचेक मिनिटं जास्त द्या. चव बघत बघत. आणि हात, ते तर सांगायला नको, तयार कुंद्याला हात लागता कामा नये, डाव आणि चमचे उकळत्या पाण्यातून काढलेले, ज्या बाईच्या बोटाला कापलंय तिला त्या दिवशी डबे भरायला बसवू नका.

लॅबला काय मागायचं ते आता. "फुल टेस्ट करा" म्हणाल तर बिल बघून चक्कर येईल. कुंद्यासाठी मॉइश्चर, वॉटर ॲक्टिव्हिटी, यीस्ट-मोल्ड काउंट (यीस्ट आणि बुरशीची मोजणी) आणि स्टॅफ, एवढं बास. भट्टीच्या खव्यातली फॅट काढून तिचं आर.एम., बी.आर. आणि फॅटी ॲसिड प्रोफाइल, आणि त्याच्याबरोबर तुमच्यासमोर आटवलेल्या, तुमच्याच म्हशीच्या दुधाच्या खव्याचा एक नमुना. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, तो दुसरा नमुना नसेल तर पहिल्याच्या रिपोर्टचा अर्थ निम्मा. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली बघा. आणि एखाद्या दुकानदाराशी भांडण कायद्यापर्यंत न्यायचं असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली फी भरून तुम्ही स्वतः सरकारी फूड ॲनालिस्टकडून तपासून घेऊ शकता, फक्त घेताना दुकानदाराला सांगावं लागतं की हा तपासणीसाठी घेतोय.

नमुना देताना एक गोंधळ नेहमी होतो. दुधाच्या नमुन्यात भेसळ तपासायला फॉर्मॅलिनचे थेंब टाकून ठेवायची पद्धत आहे, तेच फॉर्मॅलिन जे विक्रीच्या दुधात सापडलं तर गुन्हा. पण असा नमुना जंतू तपासायला चालत नाही, जंतू मेलेलेच असतात. तेव्हा काउंट करायचा नमुना वेगळा, काही न टाकता, निर्जंतुक बरणीत, बर्फात, आणि तयार झाल्यावर लगेच. शिवाय एक डबा आजचा द्या आणि त्याच घाण्यातले दोन डबे घरी ओट्यावर ठेवून चौथ्या आणि आठव्या दिवशी द्या, तेव्हाच तारीख किती लिहायची ते कळेल.

तो आकडा येईपर्यंत पुण्याच्या ऑर्डरी थांबवायची गरज नाही. कुंदा एक रात्र फ्रीजरमध्ये पूर्ण कडक करा, थर्मोकोलच्या बॉक्समध्ये वर-खाली गोठवलेले जेल पॅक, आणि रात्रीच्या बसला द्या म्हणजे सकाळी माणूस स्टँडवरून उचलेल, शनिवारी टाकू नका, रविवारी कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून राहतो. डब्यावर बनवल्याची तारीख आणि "पोचल्यावर फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा" असं मोठ्या अक्षरात.